सूर जुळवणारा प्रकाश : लेसरच्या साहाय्याने वायूंची ओळख आणि मोजमाप

जुनी, जाणती माणसे बरेच दिवस बंद राहिलेल्या विहिरीत अथवा धान्याच्या पेवात उतरण्यापूर्वी एक खबरदारी घेत असत. दोरीला पेटता कंदील बांधून तो सावकाश खाली सोडायचा आणि ज्योत कशी राहते ते वरून पाहायचे. ज्योत मंदावली किंवा विझली तर आत उतरायचे नाही, असा दंडक होता. या साध्या रीतीमागे पक्के विज्ञान आहे. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरले की सामान्य ज्योत तग धरू शकत नाही. ज्या हवेत ज्योत टिकत नाही, त्या हवेत मनुष्यानेही पाऊल ठेवू नये, हा त्यातील सरळ बोध होय.

परंतु कंदिलाची ही परीक्षा अपुरी आहे आणि काही प्रसंगी घातकही आहे. गटारात व मैल्याच्या टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू दहा लाख भागांत काहीशे भाग इतक्या अल्प प्रमाणातही प्राण घेऊ शकतो. तेवढ्याने ज्योतीला काहीच होत नाही. याउलट मिथेन वायू हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान मिसळलेला असेल, तर तीच ज्योत स्फोटाला कारण होते. कोळशाच्या खाणीत अशा स्फोटांनी असंख्य मजुरांचे बळी घेतल्यानंतर १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवलेला सुरक्षा-दिवा तयार केला. त्यामुळे धोका कमी झाला. तथापि, हवेत नेमका कोणता वायू आहे आणि तो किती आहे, या दोन प्रश्नांचे नि:संदिग्ध उत्तर ज्योत देऊ शकत नव्हती.

हे उत्तर देणारे एक साधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञानाला गवसले. तरंगलांबी हवी तशी बदलता येणारा लेसर, म्हणजेच समायोज्य लेसर, हे ते साधन होय. त्याच्या घडणीत महाराष्ट्रात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोलाचा वाटा आहे. प्रस्तुत लेखात या साधनाचे तत्त्व, त्याचा इतिहास, त्याचे उपयोग आणि त्याच्या मर्यादा यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे.

रेणूचा ठसा

वायूचा प्रत्येक रेणू सतत हालचाल करीत असतो. तो फिरतो, तसेच त्यातील अणू एकमेकांच्या जवळ-दूर होत थरथरतात. अणूंना जोडणारे बंध जणू लहान लहान स्प्रिंगा आहेत अशी कल्पना करावी. जड गोळ्याला बांधलेली स्प्रिंग संथपणे आणि हलक्या गोळ्याला बांधलेली जलद हलते, त्याचप्रमाणे रेणूच्या कंपनाची गती त्यातील अणूंच्या वस्तुमानावर आणि बंधाच्या ताठरपणावर अवलंबून असते. म्हणून प्रत्येक वायूची कंपने त्याची स्वत:ची असतात.

ज्या प्रकाशाची वारंवारता या कंपनांशी जुळते तेवढाच प्रकाश रेणू शोषून घेतो. बाकीचा त्याच्यामधून निर्वेधपणे निघून जातो. बहुतेक वायूंची ही कंपने आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या पट्ट्यात येतात. जॉन टिंडॉल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांतून वायू अवरक्त उष्णता शोषतात हे दाखवून दिले. प्राणवायू व नायट्रोजन यांच्या तुलनेत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड कितीतरी अधिक शोषण करतात, हेही त्यांच्या मोजणीतून स्पष्ट झाले. पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या वायूंचा आजचा अभ्यास याच पायावर उभा आहे.

अधिक बारकाईने पाहिले असता, हे शोषण म्हणजे सलग पट्टा नसून एकमेकींपासून अलग अशा असंख्य बारीक रेषांचा समूह असतो. नायट्रिक ऑक्साइडच्या रेषा ५.३ मायक्रोमीटरच्या आसपास, कार्बन डायऑक्साइडच्या प्रबळ रेषा ४.३ मायक्रोमीटरजवळ, तर मिथेनच्या ३.३ मायक्रोमीटरजवळ आढळतात. याखेरीज, तंबोऱ्याच्या एकाच तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे स्वरही उमटतात, तशी रेणूंचीही उच्चतर आवर्तने असतात. मिथेनची अशी एक क्षीण परंतु उपयुक्त रेषा १.६५ मायक्रोमीटरजवळ आहे. या रेषांची जागा ही त्या वायूची ओळख आणि तिथे झालेल्या शोषणाची खोली हे त्याचे प्रमाण. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसा रेषांवरून वायू ओळखता येतो.

जुळवता येणाऱ्या प्रकाशाची गरज

येथे एक अडचण उभी राहते. सामान्य दिव्याच्या प्रकाशात अनेक तरंगलांब्यांची सरमिसळ असते. वायूने त्यातली एक बारीकशी रेषा शोषली, तरी एकूण प्रकाशात पडलेला फरक जाणवतही नाही. गजबजलेल्या बाजारात एका माणसाने बोलणे थांबवले तर कोणाच्या लक्षात येणार?

थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला लेसर प्रत्यक्षात आणला आणि अत्यंत शुद्ध, जवळजवळ एकाच तरंगलांबीचा प्रकाश उपलब्ध झाला. परंतु सुरुवातीच्या लेसरांची तरंगलांबी ठरलेली असे. ती एखाद्या वायूच्या रेषेवर बरोबर पडली तर तो केवळ योगायोग. रेडिओवर एकच केंद्र लागत असेल आणि आपल्याला हवा असलेला कार्यक्रम दुसऱ्याच केंद्रावर असेल, तर जशी गत होईल तशीच ही होती. खुंटी पिळून तार सुरात आणावी, तशी लेसरची तरंगलांबी किंचित पुढेमागे सरकवून वायूच्या रेषेवर आणता आली पाहिजे, ही खरी गरज होती.

बारामतीचा विद्यार्थी

चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि १९६१ साली तेथे त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. त्याच वर्षी ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला, तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. विजेच्या साहाय्याने नायट्रोजनच्या रेणूंना कंपित करायचे, त्यांनी आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना द्यायची आणि त्या रेणूंनी ती अवरक्त प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकायची, अशी ही रचना आहे. धातूचे पत्रे कापण्यापासून शल्यक्रियेपर्यंत या लेसरने पुढे अनेक क्षेत्रांत स्थान मिळवले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र पटेल यांचे त्यानंतरचे कार्य अधिक महत्त्वाचे आहे. १९७० साली ई. डी. शॉ यांच्यासह त्यांनी एक निराळा लेसर तयार केला. इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकाचा अतिशय थंड केलेला स्फटिक प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर दुसऱ्या एका लेसरचा प्रकाश टाकला, की त्यातील इलेक्ट्रॉनांची फिरकी उलटते आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी थोडी बदलते. ती किती बदलावी हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरते. म्हणजे चुंबकाचा जोर कमी-अधिक केला की प्रकाशाचा ‘सूर’ सरकतो. वायूंच्या रेषांवर सरकवत नेता येईल असा अवरक्त लेसर यामुळे हाती आला.

आता प्रश्न होता अत्यल्प शोषण टिपण्याचा. यासाठी पटेल यांनी व त्यांचे सहकारी लॉइड क्रूझर यांनी जवळपास शतकभरापूर्वीच्या एका शोधाचा आधार घेतला. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८० साली असे आढळले होते की, प्रकाशाची तिरीप ठरावीक वेगाने खंडित करून पदार्थावर टाकली असता त्यातून ध्वनी निघतो. वायूच्या बाबतीत याचे कारण असे : प्रकाश शोषला की वायू किंचित तापतो व प्रसरण पावतो, प्रकाश थांबला की निवतो व आकुंचन पावतो. या दाबाच्या चढउताराचाच ध्वनी होतो. बंद नळीत वायू भरून, शेजारी संवेदनक्षम मायक्रोफोन ठेवून, समायोज्य लेसर त्यावर सोडला तर वायूने शोषलेला प्रकाश अक्षरश: ऐकू येतो. शोषण झाले नाही तर शांतता, आणि झाले तर त्या प्रमाणात आवाज. या रीतीने हवेतील नायट्रिक ऑक्साइड या प्रदूषकाचा शोध घेता येतो, हे त्यांनी १९७१ साली सिद्ध केले.

अठ्ठावीस किलोमीटर उंचीवरची मोजणी

याच सुमारास ओझोनचा प्रश्न ऐरणीवर आला होता. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरील ओझोनचा थर सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो. नायट्रोजनची ऑक्साइडे ओझोनचा नाश घडवून आणू शकतात, असे पॉल क्रुट्झेन यांनी १९७० साली मांडले. पुढच्याच वर्षी हॅरॉल्ड जॉन्स्टन यांनी इशारा दिला की, ध्वनीपेक्षा वेगवान अशी शेकडो प्रवासी विमाने स्थितांबरातून उडू लागली तर त्यांच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइडमुळे हे छत्र विरळ होईल. नायट्रिक ऑक्साइडचा एक रेणू ओझोनशी संयोग पावून नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि लगेच ऑक्सिजनच्या सुट्या अणूशी क्रिया होऊन पुन्हा मूळ रूपात परततो. तो स्वत: संपत नाही, ओझोन मात्र संपत राहतो. ही चिंता रास्त होती. पण त्या उंचीवर नायट्रिक ऑक्साइड मुळात आहे तरी किती, याची भरवशाची मोजणी जवळजवळ नव्हतीच. मोजणीवाचून वाद म्हणजे अंधारातील चाचपणी.

१९७३ साली पटेल आणि त्यांचे सहकारी बर्कहार्ट व लँबर्ट यांनी आपला समायोज्य लेसर, ध्वनिनलिका आणि सर्व सामग्री एका प्रचंड फुग्याला जोडून टेक्सास राज्यातील पॅलेस्टाइन या ठिकाणाहून आकाशात सोडली. सुमारे २८ किलोमीटर उंचीवर या उपकरणाने तेथील हवा नळीत घेऊन नायट्रिक ऑक्साइड मोजला. सूर्योदयापूर्वी तो मोजता येण्याच्या सीमेखाली होता. सूर्य वर आला तसे त्याचे प्रमाण वाढत गेले आणि दुपारच्या सुमारास ते अब्ज भागांत काही मोजके भाग इतके झाले.

या चढणीचा अर्थ फार मोलाचा होता. रात्री नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी संयोग पावून नायट्रोजन डायऑक्साइडच्या रूपात राहतो. दिवसा सूर्यप्रकाश त्याचे विघटन करून त्याला पुन्हा मोकळा करतो. कागदावर मांडलेले रासायनिक चक्र प्रत्यक्ष आकाशात फिरताना दिसले. या प्रयोगाचा वृत्तांत १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ओझोनविषयक संशोधनाबद्दल क्रुट्झेन, मोलिना व रोलंड यांना १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पटेल यांना १९९६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक देण्यात आले.

मोजणी नेमकी कशी होते?

आज बहुसंख्य उपकरणांत चुंबकाऐवजी तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा अर्धवाहक डायोड लेसर असतो. ई. डी. हिंकले यांनी १९७० साली अशा लेसरने वायूच्या रेषा अत्यंत बारकाईने तपासता येतात हे दाखवले. त्या काळातील हे डायोड अतिशीत तापमानातच चालत. पुढे प्रकाशतंतूंमार्फत दूरसंचार वाढला आणि त्यासाठी साध्या तापमानाला चालणारे, दीर्घकाळ टिकणारे डायोड लेसर कारखान्यांतून तयार होऊ लागले. वायुमापनाला त्याचा आयता लाभ झाला.

अशा डायोडचे तापमान एक अंश सेल्सियसने बदलले की त्याची तरंगलांबी सुमारे एक दशांश नॅनोमीटरने सरकते. त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह बदलला तर ती याहूनही सूक्ष्म पावलांनी आणि फार त्वरेने सरकते. म्हणून तापमानाने ढोबळ आणि प्रवाहाने बारीक असा सूर लावतात. तंबोऱ्याची खुंटी आणि मणी यांची जशी जोडी, तशीच ही. मग प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा वरखाली करून प्रकाश वायूच्या रेषेच्या अलीकडून पलीकडे आणि पुन्हा अलीकडे फिरवला जातो. समोर बसवलेला प्रकाशग्राहक नोंद ठेवतो : रेषेच्या अलीकडे पूर्ण प्रकाश, रेषेवर घट, पलीकडे पुन्हा पूर्ण प्रकाश. या घटीची खोली वायूचे प्रमाण सांगते.

तरंगलांबी बदलता येण्याचा खरा फायदा येथे कळतो. वाटेत धूळ असेल, धुके असेल किंवा काच मळली असेल, तरी प्रकाश कमी होणारच. परंतु धूळ रेषेवरचा व रेषेबाहेरचा प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी करते. वायू फक्त रेषेवरचा कमी करतो. दोहोंची तुलना केली की धुळीचा दोष गळून पडतो आणि निव्वळ वायूचा हिशेब हाती राहतो. तराजूचे पारडे रिकामे असताना काटा तपासून घ्यावा आणि मग माल तोलावा, हेच काम हे उपकरण सेकंदात शेकडो वेळा करते.

शोषणाचा हिशेबही सोपा आहे. समजा, एक मीटर वायूमधून जाताना प्रकाश एक टक्क्याने घटतो. दुसऱ्या मीटरमध्ये उरलेल्या प्रकाशाच्या एक टक्का घट होते, आणि असेच पुढे. दहा मीटरनंतर सुमारे ९०.४ टक्के प्रकाश उरतो आणि शंभर मीटरनंतर तो शून्य न होता सुमारे ३७ टक्के उरतो. यालाच बीअर-लॅम्बर्ट नियम म्हणतात. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते : शोषण हे वायूचे प्रमाण आणि प्रकाशाने कापलेले अंतर या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते.

म्हणूनच हातात धरून दुरून मिथेनची गळती शोधणारे लेसर उपकरण आपले उत्तर ‘दशलक्षांश-मीटर’ या एककात देते. पन्नास मीटर अंतरावरील भिंतीवर किरण टाकला, तो परत आला, म्हणजे शंभर मीटरचा प्रवास झाला. हवेत मिथेन एरवीच दहा लाख भागांत जवळजवळ १.९ भाग असतो; तेव्हा गळती नसतानाही उपकरण सुमारे १९० दाखवील. आकडा त्याहून बराच वर गेला तर गळतीचा संशय घ्यावा. मात्र १००० हा आकडा एका मीटरच्या दाट ढगामुळेही येऊ शकतो आणि शंभर मीटर पसरलेल्या विरळ वायूमुळेही. उपकरण आकडा देते. त्याचा अर्थ लावण्यासाठी समजदार माणूसच लागतो.

अगदी विरळ वायू मोजायचा असेल तर प्रकाशाचा मार्ग लांबवतात. अतिशय चकचकीत आरशांच्या जोडीमध्ये किरण कोंडला की तो हजारो वेळा परावर्तित होतो आणि हातभर लांबीच्या नळीत कित्येक किलोमीटरचा प्रवास करतो. लेसर बंद केल्यावर आतला प्रकाश किती वेळात विझतो ते मोजले की वायूचे प्रमाण कळते. वायू अधिक असेल तर प्रकाश लवकर विझतो. १९९४ साली बेल प्रयोगशाळेतच जन्मलेल्या क्वांटम कॅस्केड लेसरमुळे तर मध्य-अवरक्त पट्ट्यातील वायूंच्या सर्वांत प्रबळ रेषाही सामान्य तापमानाला चालणाऱ्या छोट्या उपकरणाच्या आवाक्यात आल्या.

वेरूळ-अजिंठ्यापासून मंगळापर्यंत

ज्या शहरांत स्वयंपाकाचा गॅस नळाने घरोघर जातो, तेथे रस्त्याने चालत वा वाहनातून जात गळती हुडकण्यासाठी ही उपकरणे वापरली जातात. औष्णिक वीजकेंद्रे व सिमेंटचे कारखाने यांच्या धुराड्यांत आडवा लेसर सोडून प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड अथवा अमोनिया मोजता येतो. गरम व धुळीने भरलेल्या धुराचा नमुना बाहेर काढण्याची गरज राहत नाही. हरितगृह वायूंच्या अभ्यासासाठीही अशी मोजणी मोलाची आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावरील हवेतील हरितगृह वायूंची मोजणी केली असून, सह्याद्रीच्या माथ्यावरची हवा ऋतूंनुसार कशी पालटते याचा अभ्यास त्यातून होतो.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर अजिंठ्याचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. तेथील भित्तिचित्रांना आर्द्रता, कीटक व माणसांची वर्दळ यांचा उपद्रव होतो. पर्यटकांची वाहने लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या फाट्यावर थांबवली जातात, त्यामागे धुरापासून संरक्षणाचाच विचार आहे. परंतु माणसाचा श्वास थांबवता येत नाही. बाहेर सोडलेल्या श्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे मोकळ्या हवेतील प्रमाणाच्या जवळजवळ शंभरपट. शिवाय वाफ असतेच. गुंफेत एका वेळी किती माणसे असावीत, त्यांच्या जाण्यानंतर हवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, हे प्रश्न मोजणीनेच सुटू शकतात. लेसरचा अदृश्य, क्षीण किरण एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत नेला तर भिंतीला हातही न लावता ही मोजणी करता येते.

याच तत्त्वावरचे उपकरण २०१२ साली मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ या गाडीत आहे. तेथील विरळ हवेत अब्ज भागांत अर्ध्या भागाच्या आसपास मिथेन असल्याचे त्याने नोंदवले. दुसऱ्या ग्रहावरील एवढ्या सूक्ष्म मोजणीपर्यंत मनुष्याची दृष्टी पोचली आहे.

साधन आहे, तरीही

आणि तरीही आपल्या देशात गटारात व मैल्याच्या टाकीत उतरलेली माणसे विषारी वायूने गुदमरून मरतात. हा विषय आपल्यासाठी केवळ भौतिकशास्त्राचा राहत नाही तो येथे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या समाजांच्या माथी मारले गेले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. धोक्याच्या कामात जुंपलेल्या मजुराच्या सुरक्षिततेचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना किती गांभीर्याने घेतला होता, हेही आठवावे. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद परिसरातील कोळसा खाणी पाहण्यास गेले, तेव्हा त्यांनी वरच्या वर पाहणी उरकली नाही. ते स्वत: खाणीत उतरले.

हायड्रोजन सल्फाइडची कपटी रीत समजून घेतली पाहिजे. अल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांसारखा उग्र वास येतो. प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे वाटते आणि नेमक्या त्याच वेळी धोका सर्वांत मोठा असतो. पाचशे भागांच्या पुढे माणूस काही श्वासांतच शुद्ध हरपू शकतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि गाळ ढवळला की एकदम उसळतो. म्हणून पहिल्याला वाचवण्यासाठी तसाच उडी घेणारा दुसरा आणि दुसऱ्यासाठी धावणारा तिसराही बळी पडतो.

येथे लेसरची मर्यादाही सांगितली पाहिजे. हायड्रोजन सल्फाइडच्या स्वस्त डायोडच्या पट्ट्यातील रेषा फार क्षीण आहेत आणि लेसर उपकरणे महाग असतात. गटाराच्या तोंडाशी मोजणी करण्यासाठी प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे चारही वायू दाखवणारे खिशात मावेल एवढे उपकरण पुरेसे आहे. ते लेसरपेक्षा कितीतरी स्वस्त असते. म्हणजे माणसे मरतात ती अवघड तंत्रज्ञानाअभावी नव्हे, तर साधे, उपलब्ध साधन वापरण्याची कोणाला गरज वाटत नाही म्हणून.

कायद्याने ही गरज केव्हाच सांगितली आहे. हाताने मैला साफ करणाऱ्या व्यक्तींच्या नेमणुकीस मनाई आणि त्यांचे पुनर्वसन करणारा २०१३ चा अधिनियम गटार व मैल्याच्या टाकीच्या धोकादायक सफाईस प्रतिबंध करतो. त्याखालील नियमांतील संरक्षक साधनांच्या यादीत वायुमापकाचाही समावेश आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. भरपाई आवश्यक आहेच. पण ती मृत्यूनंतरची गोष्ट आहे. यंत्राने सफाई ही पहिली अपेक्षा, आणि अपरिहार्य प्रसंगी आधी मोजणी ही किमान अट.

विद्यार्थी मित्रहो, वसतिगृहात राहणाऱ्या आपणा सर्वांनाही यातून काही व्यवहाराच्या गोष्टी घेता येतील. भोजनगृहातील सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो. त्याला मुद्दाम वास दिलेला असतो. तो वास आला की विजेचे कोणतेही बटन चालू-बंद न करता दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडावे. मैल्याच्या टाकीचे झाकण उघडून आत डोकावू नये, पडलेला चेंडू काढण्यासाठी तर मुळीच उतरू नये. कोणी आत कोसळलेला दिसला तर स्वत: उडी न घेता मोठ्यांना हाक द्यावी आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. हे भित्रेपणाचे लक्षण नाही. वायूचा स्वभाव जाणणाऱ्याचे शहाणपण आहे.

बारामतीत जन्मलेल्या मुलाने अठ्ठावीस किलोमीटर उंचीवरचा, अब्जांत मोजक्या भागांइतका वायू मोजून दाखवला, त्याला आता अर्धे शतक लोटले. पुढच्या अर्धशतकासाठी कामे पुष्कळ पडून आहेत. हायड्रोजन सल्फाइड ओळखणारा लेसर नगरपालिकेला परवडेल इतका स्वस्त करायचा आहे, गटाराच्या प्रत्येक झाकणाखाली सतत जागा राहील असा संवेदक घडवायचा आहे, आणि त्याने दिलेला आकडा वाचून ‘आज कोणीही आत उतरायचे नाही’ असे ठामपणे सांगणारा अधिकारीही घडवायचा आहे. यांतले पहिले काम भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाचे, दुसरे अभियंत्याचे आणि तिसरे प्रशासकाचे. या शाळेच्या वर्गांत आज तिन्ही बसलेले असतील.